बायोडिझेलसाठी करंज: इंदूरभोवतीच्या बांधांवर लागवड, घाणी आणि विक्री

इंदूर, देपालपूर, सांवेर किंवा महूकडे शेती असेल आणि बायोडिझेलसाठी तेलबिया लावायचा विचार असेल, तर खड्डे खणण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. कोणतं बी लावायचं हे जमिनीआधी तेलाचा भावच ठरवतो.

एक लिटर बायोडिझेलला साधारण ०.९ किलो तेल लागतं. सोयातेलाचा घाऊक भाव किलोला १२० रुपये धरला, तर लिटरभर इंधनात नुसतं तेलच १०८ रुपयांचं जातं. मेथॅनॉल (तेलाचं बायोडिझेल करायला लागणारं अल्कोहोल), वीज, मजुरी हे सगळं त्यावर. इंदुरात पंपावर कर धरूनही डिझेल याच्या खालीच मिळतं. म्हणजे सोयाबीन, मोहरी, करडई, तीळ, भुईमूग यांतलं कुठलंही खाद्यतेल इंजिनात घालणं परवडत नाही. परवडलं असतं तरी आपल्या देशात ते करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आपण खाद्यतेलाच्या गरजेचा निम्म्याहून जास्त भाग आयात करतो. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानेही भर दिला आहे तो अखाद्य तेलबिया आणि वापरून उरलेल्या तळणाच्या तेलावर. सोयाबीन पिकवा आणि छावणी किंवा लक्ष्मीबाई नगर मंडीत न्या. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता. सोयाबीनमध्ये तेल फक्त १८ ते २० टक्के असतं, बाकी त्याची किंमत आहे पेंडीतल्या प्रथिनांना.

अखाद्य बियांतही निवड करावी लागते. एरंडीचं तेल फार घट्ट. त्याचं बायोडिझेल केलं तरी ४० अंशाला घट्टपणा १३ च्या वर राहतो, आणि भारतीय मानक आय.एस. १५६०७ मध्ये मर्यादा आहे ३.५ ते ५.०. शिवाय एरंडेलाला औषध, वंगण आणि रंगाच्या कारखान्यांत यापेक्षा चांगला भाव मिळतो. जवसाचं तेल हवेत घट्ट होऊन त्याचा पापुद्रा धरतो, म्हणून ते टाकीत टिकत नाही. मोहाच्या बियांचं तेल झाबुआ-अलिराजपूरकडची घरं खातात, ते त्यांच्याकडेच राहू द्यावं.

जेट्रोफाबद्दल, म्हणजे रतनज्योत किंवा मोगली एरंडाबद्दल, थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण अजूनही कुणी ना कुणी त्याची रोपं विकायला येतं. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलसाठी जेट्रोफाची शिफारस केली आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचं स्वप्न मांडलं. ते घडलं नाही. झुडूप पडीक जमिनीवर जगतं हे खरं, पण जगणं वेगळं आणि बी देणं वेगळं. पाणी-खत न देता लावलेल्या जेट्रोफाने मजुरी निघण्याइतकंही बी दिलं नाही. फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळे तोडणीच्या फेऱ्या वाढतात. बी विषारी, पेंड जनावरांना चालत नाही, आणि रोपं निवडलेल्या वाणांची नव्हती. हीच चूक करंजातही होऊ शकते, म्हणून पुढचा भर बियाण्याच्या निवडीवर आहे.

करंजच का

करंज हे शेंगावर्गातलं झाड आहे. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. माळव्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात साचणारं पाणी त्याला सहन होतं, खारटपणाही चालतो, आणि इथला साधारण ९५० ते १००० मिलिमीटर पाऊस पुरतो. मानपूर-चोरलकडच्या मुरमाड उतारांवर ते वाढतं, पण हळू. बियांत ३० टक्क्यांच्या आसपास तेल असतं. तेल कडू आणि अखाद्य आहे, त्यामुळे ते ताटातून काढून घेतलेलं नसतं. त्यात ओलेइक आम्ल भरपूर असल्याने बायोडिझेल सोयापेक्षा जास्त टिकतं.

मात्र एक अट पाळा. चांगल्या सोयाबीन-गव्हाच्या शेतात करंज लावू नका. पहिलं मोजण्याजोगं बी यायला पाच ते सात वर्षं लागतात, तेवढ्या काळात ते शेत किती देतं हे तुम्हाला ठाऊक आहे. बांध, नाल्याचा काठ, शेतरस्ता, विहिरीची कड, खडकाळ तुकडा एवढीच करंजाची जागा.

बांधावर लावतानाही दिशा पाहावी लागते. आपल्याकडे सावली बहुतेक वर्ष उत्तरेकडे पडते. तुमच्या दक्षिण बांधावर झाड लावलं तर सावली तुमच्याच गव्हावर येईल, उत्तर बांधावर लावलं तर शेजाऱ्याच्या शेतात जाईल आणि भांडण होईल. म्हणून जिथे उत्तरेला रस्ता, नाला किंवा पडीक जमीन आहे तो बांध आधी घ्या. करंजाची मुळं आडवी पसरतात आणि त्यांतून नवे फुटवे येतात. तिसऱ्या वर्षापासून झाडाच्या ओळीपासून दीड-दोन मीटरवर ६० सेंटिमीटर खोल चर खणून ठेवा आणि दर उन्हाळ्यात तो साफ करा. हे केलं नाही तर पाचव्या वर्षी कडेच्या चार ओळी पिवळ्या पडलेल्या दिसतात.

बियाणं आणि रोपं

करंजाचं परागीभवन मधमाश्या करतात, एका झाडाचा पराग दुसऱ्यावर जातो. त्यामुळे भरपूर शेंगा देणाऱ्या झाडाचं बी लावलं तरी सगळी रोपं तशीच निघतील याची खात्री नसते. शेजारी-शेजारी उभी असलेली दोन झाडं एकाच वर्षी पाच किलो आणि चाळीस किलो शेंगा देतात. म्हणून रोपवाटिकेत कलमी रोपं मिळत असतील तर तीच घ्या. माहीत असलेल्या भरघोस झाडाची काडी वर्षाच्या रोपावर पाचरकलमाने बसवलेली असते, आणि तिला बीसुद्धा लवकर लागतं, साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी. स्वतः रोपं करणार असाल तर दहा वर्षांहून मोठी, सलग दोन-तीन वर्षं लदलेली झाडं आधी हेरून ठेवा. रस्त्याकडेला पडलेल्या सरसकट शेंगा गोळा करू नका.

शेंगा फेब्रुवारीच्या अखेरपासून मे पर्यंत पिकतात. तपकिरी, वाळलेल्या शेंगा झाडावरूनच काढा, दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, मोगरीने हलके ठोकून बी काढा. किलोत साधारण ८०० ते १००० बिया बसतात. आक्रसलेलं, भोक पडलेलं बी बाजूला करा. बियांची उगवण महिन्यागणिक कमी होत जाते, म्हणून काढलेलं बी त्याच हंगामात पेरा. २४ तास पाण्यात भिजवा, वर तरंगणारं टाकून द्या.

पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. बी दोन सेंटिमीटरपेक्षा खोल नको. उगवण दहा-पंधरा दिवसांत सुरू होते. एप्रिलमध्ये पेरलेलं रोप जुलैपर्यंत जेमतेम वीतभर-दीड वीत होतं. ते बांधावर लावलं तर गवतात हरवतं, गुरांच्या पायाखाली जातं. आणखी वर्षभर पिशवीत ठेवून दोन-अडीच फुटांचं झाल्यावर लावणं चांगलं. मधे एकदा पिशवी हलवून खाली जमिनीत गेलेलं मूळ छाटावं लागतं, नाहीतर उचलताना सोटमूळ तुटतं आणि रोप मरतं.

लागवड आणि पहिली तीन वर्षं

खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. मुरमाड जमिनीत ४५ सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. भारी काळ्या मातीत ६० घ्या, कारण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि वरची मुळं तुटतात. खड्ड्यात पाच किलो शेणखत आणि वाळवीसाठी पाव किलो निंबोळी पेंड मिसळा. बांधावर एका ओळीत पाच मीटर अंतर. पडीक तुकड्यात ६ बाय ६ मीटर ठेवलं तर हेक्टरी २७७ झाडं बसतात. ५ बाय ५ मध्ये ४०० बसतात खरी, पण दहाव्या वर्षी फांद्या एकमेकींत शिरतात आणि आतल्या बाजूला शेंगा धरत नाहीत. करंजाला भरपूर ऊन लागतं.

लावणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, दोन चांगले पाऊस झाल्यावर करा. पुढचे दोन उन्हाळे दर दहा-पंधरा दिवसांनी झाडाला १० ते १५ लिटर पाणी द्या आणि आळ्यात सोयाबीनच्या भुशाचा चार बोटं जाड थर टाका. करंज फारशी काळजी न घेता वाढतो, असं सर्रास सांगितलं जातं. मोठ्या झाडाबाबत ते खरं आहे. पण लागवड वाया जाते ती याच दोन उन्हाळ्यांत. जानेवारीत थंडीची लाट आली की कोवळी पानं करपतात. लहान रोपांना उत्तरेकडून गवताचा आडोसा करा. कोवळ्या फुटींचा शेंडा जमिनीपासून एक मीटरवर खुडा, म्हणजे झाड बसकं राहील आणि शेंगा हाती येतील.

पडीक तुकड्यात पहिली तीन वर्षं ओळींमध्ये मूग, उडीद किंवा सोयाबीन घेता येतं. झाडापासून एक मीटर जागा सोडून पेरा.

पानांवर बारीक फोडांसारख्या गाठी दिसतात, त्या कोळी नावाच्या सूक्ष्म किडीच्या. दिसायला वाईट, पण मोठ्या झाडाचं नुकसान थोडं. नुकसान होतं ते फुलांच्या कळ्या गोल फुगून गाठी बनल्या तर, कारण त्या कळीची शेंग होत नाही. आत लहान माशीची अळी असते. अशा कळ्या उघडण्याआधी तोडून जाळून टाका. फुलोऱ्यावर कीटकनाशक फवारू नका. मधमाश्या मेल्या तर शेंगाही गेल्या.

काढणी: तेलाची प्रत इथेच ठरते

बायोडिझेलवाला तुमच्या तेलात पहिली गोष्ट पाहतो ती मुक्त स्निग्धाम्लं, म्हणजे बोलीत तेलाची आंबटाई. ती २ ते २.५ टक्क्यांच्या आत असेल तर कॉस्टिक सोडा आणि मेथॅनॉल घालून एका टप्प्यात काम होतं. वर गेली तर सोडा त्या आम्लांशी मिळून साबण करतो, ग्लिसरिन खाली बसत नाही, आणि धुताना सगळं दुधाळ होतं. मग आधी गंधकाम्ल आणि मेथॅनॉलने एक वेगळा टप्पा करावा लागतो. वेळ, रसायन आणि तेल तिन्ही जातात. खरेदीदार तेवढा भाव कापतो. घाईत, ओल्यात काढलेल्या करंज तेलात ही आम्लं १५-२० टक्क्यांपर्यंत चढतात.

ती चढतात ओलाव्यामुळे. मेच्या शेवटी माळव्यात वळवाच्या सरी येतात आणि झाडाखाली पडलेल्या शेंगा भिजतात. बुरशी लागते, तेल आतल्या आत फुटतं. म्हणून झाडाखालची जागा एप्रिलमध्येच झाडून घ्या, जुनी साडी किंवा ताडपत्री अंथरा, दर आठवड्याला शेंगा उचला, आणि १५ मे नंतर पडलेल्यांचा ढीग वेगळाच ठेवा. शेंगेच्या वजनात साधारण निम्मं टरफल असतं, त्यामुळे शेंगा न सोलता गाडीभाडं भरू नका. सोललेलं बी आठ टक्के ओलाव्याखाली वाळवा. दाताखाली धरलं तर ते कटकन तुटलं पाहिजे, दबलं तर अजून ओलं आहे. भरायला तागाची पोती वापरा, प्लास्टिकची नको, आणि थप्पी लाकडी फळ्यांवर लावा.

तेलाची आंबटाई घरी तपासता येते. एक लिटर शुद्ध पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून ठेवा. १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळा, फिनॉल्फ्थेलीनचे (रंग बदलून खूण देणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब घाला, आणि सोड्याचं पाणी सिरिंजने थेंब थेंब सोडा. गुलाबी रंग पंधरा सेकंद टिकला की थांबा. लागलेल्या मिलीलिटरला ०.७७ ने गुणा, तेवढे टक्के आम्लं. तीन मिलीच्या आत आलं तर तुमचं तेल उत्तम आहे आणि भाव मागायला तुमच्याकडे आकडा आहे. सोडा जुना, हवेत ओला झालेला असेल तर उत्तर चुकतं, म्हणून डबी घट्ट बंद ठेवा. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करा.

घाणी

एक्स्पेलरमध्ये, म्हणजे बी दाबून तेल काढायच्या यंत्रात, दोनदा दाबून १०० किलो बियांतून २५ किलोच्या आसपास तेल आणि ७० किलो पेंड निघते, बाकी ओलावा आणि कचरा. तेलाचा काही अंश पेंडीत राहतोच. खाद्यतेलाच्या घाणीवर करंज गाळू नका. त्याचा कडवटपणा आणि विषारी अंश यंत्रात राहतो आणि पुढच्या मोहरीच्या तेलात उतरतो. तेल आठवडाभर स्थिरावू द्या, कापडातून गाळा, आणि डब्यात काठोकाठ भरून सील करा. तांब्या-पितळेचं भांडं किंवा नळ वापरू नका, त्याने तेल लवकर खवट होतं.

कच्चं तेल सरळ पंपाच्या इंजिनात घालायचा मोह होईल. घालू नका. ते डिझेलच्या दहापटीहून घट्ट असतं. फवारा नीट होत नाही, नोझलवर कोळसा बसतो, रिंगा चिकटतात आणि काही महिन्यांत इंजिन उघडावं लागतं. बायोडिझेल घरी करण्याबाबतही आम्ही नाहीच म्हणतो. १०० लिटर तेलाला सुमारे २० लिटर मेथॅनॉल लागतं, ते मिश्रण ६० अंशाला तापवायचं असतं. मेथॅनॉलची वाफ पेटते, पोटात गेलं तर डोळे जातात आणि जीवही जातो. साठ्याला परवाना लागतो.

भाव आणि बाजार

करंजाच्या बियांना केंद्राच्या गौण वनोपज योजनेत मे २०२० मध्ये किलोला २२ रुपये आधारभाव ठरला. तोच धरून चालू. १०० किलो बी २२०० रुपयांचं, गाळायचे ३०० धरा, एकूण २५००. आता पेंडीकडे पाहा. पेंड ८ रुपये किलोने गेली तर ५६० रुपये परत येतात आणि तेल पडतं किलोला ७७-७८ रुपयांना. १५ ने गेली तर तेल ५८ ला पडतं. २२ ने गेली तर ३८ ला. समोर ठेवायला एक आकडा: ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी तळणाच्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलसाठी लिटरला पहिल्या वर्षी ५१, दुसऱ्या वर्षी ५२.७०, तिसऱ्या वर्षी ५४.५० रुपये देऊ केले होते. त्यातून प्रक्रियेचा खर्च वजा केला की ७८ रुपयांच्या तेलाला तिथे जागाच नाही, ३८ च्या तेलाला आहे. करंजाचा धंदा पेंडीवर उभा राहतो. तेल विकायला निघण्याआधी पेंडीचं गिऱ्हाईक पक्कं करा.

ते गिऱ्हाईक इंदूरच्या आसपासच आहे. पेंडीत सुमारे ४ टक्के नत्र असतो. करंजिन हे तिच्यातलं द्रव्य जमिनीतल्या नत्राचं नायट्रेट व्हायचा वेग कमी करतं, त्यामुळे नत्र वाहून न जाता पिकाला हळूहळू मिळतो. वाळवी आणि सूत्रकृमींनाही ती आवरते. माळव्यातले बटाटा, लसूण आणि कांद्याचे शेतकरी हेच शोधत असतात. लावणीआधी पंधरा दिवस एकरी १०० ते २०० किलो मातीत मिसळायची, ताजी पेंड कोवळ्या मुळांना लागू द्यायची नाही. गुराढोरांना मात्र ती घालू नका. थैलीवर खत म्हणून छापून विकायची असेल तर खत नियंत्रण आदेश १९८५ लागतो, कृषी विभागाकडून परवान्याचं आधी बघून घ्या. सेंद्रिय खतासाठी इंदूरचं नाव जुनं आहे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये उभ्या राहिलेल्या इथल्या संस्थेत कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. त्या ढिगात थोडी करंज पेंड टाकली तर खताचा नत्र वाढतो.

तेलाच्या बाजूला मोठं चित्र असं आहे: धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं उद्दिष्ट आहे आणि प्रत्यक्ष मिश्रण अजून एक टक्क्याच्या आतच आहे. म्हणजे मागणी आहे, माल नाही. पण कारखान्यांचा माल मुख्यतः पाम स्टिअरिन (पाम तेलाचा घट्ट भाग), चरबी आणि वापरलेलं तळणाचं तेल हा आहे. जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडल्याने तयार होणारे) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल अन्नासाठी वापरता येत नाही, आणि सराफा, छप्पन दुकान हे खाऊबाजार आणि नमकीनचे कारखाने असलेल्या या शहरात असं तेल रोज निघतं. करंज तेलाचा खरा स्पर्धक तेच आहे. खरेदीदाराशी बोलताना त्या तेलाचा चालू भाव आधी विचारा. तुमचा भाव त्याच्या फार वर जाणार नाही. भाव पडलेला असेल तर साबण, चामडं कमावणं आणि कडू तेलाची फवारणी औषधं करणाऱ्यांकडे चौकशी करा. ते कमी माल घेतात, पण किलोमागे जास्त देतात.

दहाव्या वर्षी झाडाला ८ ते १० किलो बी धरूनच आखणी करा. १०० झाडांचं बी ८ ते १० क्विंटल, तेल दोन ते अडीच क्विंटल. एवढ्यासाठी कुठलाही बायोडिझेल कारखाना गाडी पाठवणार नाही. दहा टनांचा एक टँकर भरायला ४० टन बी, म्हणजे चार-पाच हजार झाडं लागतात. हे एका शेतकऱ्याचं काम नाही. आठ-दहा गावांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी करावी, एक एक्स्पेलर घ्यावा, आणि गावात आधीच उभ्या असलेल्या करंजांची मोजणी पहिल्या वर्षीच करावी. शाळेच्या आवारात, देवळाजवळ, महामार्गाच्या कडेला पुष्कळ झाडं असतात आणि त्यांच्या शेंगा वाया जातात. परवानगी घेऊन ते बी गोळा केलं तर नवी लागवड फळायच्या आतच घाणी सुरू होते, आणि पेंडीचा भाव कागदावर न राहता बाजारात कळतो.

सौदा करताना चार गोष्टी लिहून घ्या: आम्लांचे टक्के किती चालतील, ओलावा किती, डबे कुणाचे, आणि वजन कुठल्या काट्यावर होणार. बायोडिझेल तयार करून स्वतः वाहनांसाठी विकायचं असेल तर २०१९ च्या केंद्रीय मार्गदर्शक नियमांप्रमाणे नोंदणी लागते आणि माल आय.एस. १५६०७ ला उतरावा लागतो. त्या तपासण्या लहान गटाला जड जातात. पहिली काही वर्षं गाळलेलं, मोजलेलं तेल आणि पेंड एवढंच विका.